हाडाचे कलम



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की हा वक्ता बागायतीवर बोलणार आहे. तसे वाटले असल्यास ते अगदीच चूक नाही. सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोद आणि संग्रामपूरकडे, ज्यांनी संत्र्याची बाग लावली आहे त्यांना जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा कसा बांधतात हे मी सांगायला नको. साल अलगद उघडायची, डोळा आत सरकवायचा, पट्टी बांधायची आणि वाट पाहायची. डोळा जिवंत असला, खुंटाचा रस त्याला मिळाला आणि मधे कोणी पट्टी हलवली नाही, तर कलम धरते. यातले एक जरी चुकले, तर डोळा काळा पडून गळतो. माणसाच्या हाडाचे कलमही याच तीन गोष्टींवर धरते किंवा गळते. आज त्याचीच हकीकत आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हाड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शेताच्या बांधावर पडलेले पांढरे, कोरडे, ठणठणीत असे काहीतरी येते. ते हाडाचे प्रेत आहे. अंगातले हाड ओले असते, त्यात रक्त खेळत असते आणि बाहेरून त्याला एक पातळ पण चिवट आवरण असते. या आवरणाला पर्यस्थि म्हणतात. हाडात चुन्याच्या जातीचे क्षार असतात म्हणून ते कठीण, आणि तंतूंचे जाळे असते म्हणून ते चिवट. या चिरेबंदी वाड्यात दोन प्रकारचे कामकरी रात्रंदिवस राबतात. एक जुने हाड पोखरून काढणाऱ्या पेशी, दुसऱ्या त्या जागी नवे हाड घालणाऱ्या पेशी. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी असा नवा होत असतो. म्हणजे आज आपण ज्या पायांनी चालत या सभेला आलात, ते दहा वर्षांपूर्वीचे पाय पुष्कळ अंशी राहिलेलेच नाहीत.

या चालू कामामुळेच मोडलेले हाड सांधते. जखम भरल्यावर कातडीवर व्रण राहतो. काळजावर आघात झाला तर तिथेही व्रण राहतो. परंतु हाड मोडल्यावर व्रणाने नव्हे, तर पुन्हा हाडानेच भरून येते. मोडल्या जागी आधी रक्त साकळते, त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, दोन-तीन आठवड्यांत मऊ सांधा तयार होतो, पुढे काही आठवड्यांत तो कठीण होतो आणि मग महिनोन्‌महिने त्याला तासून मूळचा घाट दिला जातो. आपले गावठी हाडवैद्य पिढ्यान्‌पिढ्या जे यश मिळवीत आले, ते मुख्यतः या नैसर्गिक शक्तीच्या जोरावर. त्यांच्या हाताचे कौशल्य मी नाकारीत नाही. पण हाड सांधते ते आपले आपण, वैद्याने फक्त आड येऊ नये.

मग प्रश्न असा की काही हाडे सांधत का नाहीत? समजा, मलकापूर-नांदुरा-खामगावच्या मोठ्या रस्त्यावर एखाद्या तरुणाची मोटारसायकल ट्रकखाली गेली. नडगीचे हाड फुटून बाहेर आले, त्याचे दोन-तीन तुकडे मातीत पडले, जखमेत पू झाला. सहा महिने, नऊ महिने झाले तरी पाय मोडल्या जागी हलतोच आहे. घरची दोन एकर जमीन दवाखान्यापायी गहाण पडली आहे आणि नांगर धरणारा हात कुबडीत अडकला आहे. अशा माणसाला "देवाची इच्छा" म्हणून घरी बसवायचे, की काही उपाय आहे? आजच्या विषयाचे महत्त्व इथे आहे.

हाड उगवायला चार गोष्टी लागतात. कापूसवाल्या जिल्ह्यात त्या समजावून सांगणे सोपे आहे. पहिली गोष्ट बी, म्हणजे हाड घालणाऱ्या जिवंत पेशी. दुसरी जमीन, म्हणजे ज्या जाळीवर त्या पेशी बसतील आणि रक्तवाहिन्या पसरतील ती जागा. तिसरी वाफसा, म्हणजे "आता उगवा" असा इशारा देणारी रासायनिक द्रव्ये. चौथी कुंपण, म्हणजे ढोरांनी पीक तुडवू नये तसे मोडलेले टोक हलू नये यासाठी दिलेला भक्कम आधार. आणि या चारींना जे पाणी लागते ते म्हणजे रक्त. नडगीच्या खालच्या तिसऱ्या भागावर स्नायूंचे पांघरूण कमी, रक्तपुरवठाही बेताचा. म्हणून तिथली मोड सांधायला फार वेळ लागतो. आणि तुकडाच नाहीसा झाला, मधे काही सेंटिमीटरांची पोकळी पडली, तर शरीर दोन्ही टोकांकडून थोडे पुढे येते आणि थांबते. पिकात जागोजाग रोप मेले की शेतकरी नांग्या भरतो. हाडातली नांगी भरण्याचे काम म्हणजे अस्थिरोपण, आपल्या भाषेत हाडाचे कलम.

ही कल्पना जुनी आहे. योब फान मेकेरेन नावाच्या डच शस्त्रवैद्याच्या १६६८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एक गोष्ट आहे. एका सैनिकाच्या कवटीतील भोक कुत्र्याच्या कवटीचा तुकडा बसवून बुजवण्यात आले. जखम बरी झाली. पण माणसाच्या डोक्यात कुत्र्याचे हाड ही गोष्ट धर्मपीठाला रुचली नाही, आणि बहिष्काराच्या भीतीने तो बिचारा तुकडा काढून घ्यायला परत आला. तोपर्यंत तुकडा इतका पक्का बसला होता की तो निघेना. गोष्टीत खरेखोटे किती असेल ते असो. शास्त्रशुद्ध पुराव्याने पहिली मोठी कामगिरी केली ती ग्लासगोच्या विल्यम मॅकेवन यांनी. एका लहान मुलाच्या दंडाचे हाड पू होऊन जवळजवळ सगळे नष्ट झाले होते. मुडदूस झालेल्या इतर मुलांचे वाकडे पाय सरळ करताना हाडाच्या ज्या पाचरी काढाव्या लागत, त्या मॅकेवन यांनी या मुलाच्या दंडात बसवल्या. हात पुन्हा उपयोगी झाला. ही हकीकत त्यांनी १८८१ साली प्रसिद्ध केली. एकाच्या अंगातून टाकून द्यायचे ते दुसऱ्याच्या अंगात कामास आले. ही गोष्ट आपण लक्षात ठेवू, तिच्याकडे पुढे परत यायचे आहे.

आता कलम केलेल्या तुकड्याचे पुढे काय होते? पुष्कळांना वाटते की तो तुकडा जसाच्या तसा चिकटतो. तसे होत नाही. रक्तापासून तोडलेल्या तुकड्यातील बहुतेक पेशी मरतात. पृष्ठभागावरच्या थोड्या, आजूबाजूच्या ओलाव्यावर तग धरतात. परंतु मेलेला तुकडाही वाया जात नाही. शेजारच्या जिवंत हाडातून रक्तवाहिन्या त्यात शिरतात, त्यांच्या मागोमाग पोखरणाऱ्या पेशी जातात आणि पोखरलेल्या जागी नवे हाड घालणाऱ्या पेशी बसतात. जुन्या घरात राहत राहत एकेक किडका वासा काढून नवा घालावा, घर मात्र एक दिवसही पडू देऊ नये, तसा हा प्रकार आहे. अमेरिकेचे शस्त्रवैद्य फेमिस्टर यांनी १९१४ साली याला जे नाव दिले त्याचा अर्थ "सरपटत सरपटत होणारी अदलाबदल" असा होतो. जाळीदार हाडात हे काम लवकर होते, घट्ट हाडात त्याला महिने आणि वर्षे लागतात.

म्हणून शस्त्रवैद्य पहिली पसंती देतात ती रोग्याच्या स्वतःच्या कमरेच्या हाडाला. आपण कमरेवर हात ठेवतो तेव्हा जी कड हाताला लागते, तिच्या आत जाळीदार, मज्जेने भरलेले हाड असते. त्यात बी आहे, जमीन आहे, वाफसाही आहे. शिवाय ते आपलेच असल्यामुळे शरीर त्याला परके मानीत नाही. ज्या मुलांना जन्मतःच ओठ-टाळू दुभंगलेले असतात, त्यांच्या हिरडीतली फट साधारण आठ ते अकरा वर्षांच्या वयात याच हाडाने भरतात. मग त्या नव्या हाडातून सुळा आपोआप खाली उतरतो. याहून सुंदर पुरावा कोणता पाहिजे? मेलेल्या भिंतीतून दात उगवत नसतो.

पण या उपायाला मर्यादा आहे. कमरेतून किती म्हणून काढणार? काढल्या जागी काहींना पुढे पुष्कळ दिवस दुखत राहते. आणि पोकळी सहा सेंटिमीटरांच्या पलीकडे गेली की असा रक्ताविना नेलेला तुकडा अनेकदा दगा देतो. वाटेतच त्याला पाणी मिळत नाही. मग युक्ती काय? तर रोप उपटून न्यायचे ते मुळासकट आणि मातीच्या गोळ्यासकट न्यायचे.

ही युक्ती जगाला शिकवण्यात आपल्या महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे, हे सांगताना मला अभिमान वाटतो. १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठी गडी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्यांनी त्याचे नाक व एक हात कापला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा भाजणाऱ्यांच्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. मेणाचे नाक करून त्याचा आकार कपाळावर काढला, तेवढी कातडी सोडवली, पण दोन भुवयांच्या मधला देठ तोडला नाही. त्या देठातून रक्त येत राहिले, कातडी खाली फिरवून नाकाच्या जागी बसवली आणि ती तिथे धरल्यावर सुमारे पंचवीस दिवसांनी देठ कापला. मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिले. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या "जंटलमन्स मॅगझिन"मध्ये त्याची हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून कार्प्यू या इंग्रज शस्त्रवैद्याने १८१४ साली लंडनात हा प्रयोग यशस्वी केला. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीने नाक करण्याची जी रीत आहे, तिचेच हे भावंड. त्या पुणेरी कारागिराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. पण त्याने जे तत्त्व हाताने सिद्ध केले ते असे: जिवंत भाग हलवायचा असेल तर त्याचा रक्ताचा देठ सांभाळा.

हाडाच्या बाबतीत हे साधायला पावणेदोनशेहून अधिक वर्षे जावी लागली. कारण हाड दूर न्यायचे तर देठ तोडावाच लागतो, आणि तोडला की तो पुन्हा जोडता आला पाहिजे. सूक्ष्मदर्शकाखाली दोन-तीन मिलिमीटरांच्या रक्तवाहिन्या, केसाहून बारीक दोऱ्याने शिवण्याची कला हाती आल्यावर १९७५ साली मेलबर्नच्या डॉ. इयन टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटरीतले बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट उचलून दुसऱ्या पायाच्या नडगीत बसवल्याचे प्रसिद्ध केले. असे हाड मरतच नाही. ते नव्या जागी मोडलेल्या हाडासारखे टोकाला सांधते, आणि भार पडू लागला की हळूहळू जाडही होते. पोटरीत दोन हाडे आहेत. बारीक हाडावर शरीराचा भार थोडाच येतो. घोट्याजवळचा आणि गुडघ्याजवळचा भाग सोडून मधला वीस-पंचवीस सेंटिमीटरांचा तुकडा काढला तरी माणूस चालू शकतो.

१९८९ साली न्यूयॉर्कच्या डॉ. हिडाल्गो यांनी याच हाडाने खालचा जबडा नवा करून दाखवला. इथे हा विषय आपल्या दाराशी येतो. आपल्या भागात तंबाखू-चुना, खर्रा आणि गुटखा यांनी किती तोंडे नासली आहेत, हे आपणांपैकी प्रत्येकाने आपल्या आळीत पाहिले आहे. हिरडी आणि गाल यांच्यामधल्या ज्या खाचेत तंबाखूची गोळी ठेवतात, तिथेच कर्करोग उठतो आणि जबड्यात उतरतो. मग जबड्याचा भाग कापून काढण्यावाचून गत्यंतर नसते. पूर्वी असा माणूस जगला तरी हनुवटी ढळलेली, लाळ गळत असलेली, घास चावता येत नाही, बोललेले कळत नाही, अशा अवस्थेत जगे. नुसती धातूची पट्टी बसवली तर किरणोपचारानंतर ती पुष्कळदा कातडी फोडून बाहेर येते. आज मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयासारख्या संस्थांत पोटरीचे हाड रक्तवाहिन्यांसकट काढून, आवरण आणि देठ शाबूत ठेवून, जागोजाग कापून जबड्याच्या कमानीसारखे वळवतात आणि त्याच्या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. काम आठ-दहा तासांचे. पुढे त्या हाडात कृत्रिम दातही रोवता येतात. पायाचे हाड तोंडात जाऊन भाकरी चावू लागते! पुण्याच्या त्या अनामिक कारागिराने हे पाहिले असते तर तो म्हणाला असता, "देठ सांभाळला ना? मग झाले."

आता मॅकेवन यांच्या गोष्टीकडे वळू. एकाचे टाकाऊ हाड दुसऱ्याला देता येईल, हे त्यांनी दाखवले. पण वेळेवर हाड आणायचे कुठून? त्यासाठी पेढी पाहिजे. टाटा मेमोरिअल रुग्णालयात १९८८ साली अशी ऊतिपेढी निघाली. खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाचे जे डोके काढून टाकतात ते, आणि बाळंतपणानंतर वारेबरोबर जाणारे गर्भावरण, असे लोकांनी दिलेले साहित्य तिथे तपासतात, धुतात, गोठवून वाळवतात. मग तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राने १९७४ साली सुरू केलेल्या "आयसोमेड" या कारखान्याच्या मदतीने, कोबाल्टच्या गॅमा किरणांनी ते निर्जंतुक होते. दात्याला कावीळ, एड्स, उपदंश यांसारखे रोग नाहीत ना, याची तपासणी आधी होते. अशा हाडात जिवंत पेशी उरत नाहीत. म्हणजे त्यात बी नाही, जमीन मात्र उत्तम आहे. बी रोग्याने स्वतःचे पुरवायचे. म्हणून पुष्कळदा पेढीचे हाड आणि रोग्याची स्वतःची अस्थिमज्जा एकत्र करून वापरतात.

राहिला वाफसा. १९६५ साली लॉस एंजेलिसच्या डॉ. मार्शल युरिस्ट यांनी हाडातले क्षार आम्लाने काढून टाकले आणि उरलेला मऊ भाग सशासारख्या प्राण्यांच्या स्नायूत ठेवला. जिथे हाड असण्याचे कारण नाही अशा मांसात हाड तयार झाले! हाडाच्या तंतूंत एक इशारा देणारे प्रथिन दडलेले असते, हे यावरून कळले. १९८८ साली त्याची जनुके हाती आली आणि २००२ साली पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियेत त्याच्या वापरास अमेरिकेत परवानगी मिळाली. पण ते महाग आहे, आणि भलत्या जागी हाड वाढणे, सूज येणे असे त्याचे दोषही पुढे आले. वाफसा पाहिजे, पूर नको.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक पोकळीला कलमच लागते असे नाही. सैबेरियातील कुर्गानचे डॉ. इलिझारॉव यांनी १९५१ पासून बसवलेली कड्यांची चौकट आपल्याकडेही पुष्कळांच्या पायांवर दिसते. हाड शाबूत जागी कापायचे आणि दररोज एक मिलिमीटर, तेही चार हप्त्यांत, ताणत न्यायचे; मागे नवे हाड भरत जाते. म्हणजे इथे शरीर स्वतःच आपले कलम वाढवते. कोणाला काय योग्य, हे जखम, पू, वय आणि खर्च पाहून ठरवायचे असते. "मलाही तेच करा" असा हट्ट उपयोगी नाही.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग. हे सारे मोठे उपाय मोठ्या शहरांत होतात. पण कलम धरणार की गळणार, याचा निम्मा निकाल मेहकर, लोणार, चिखली, सिंदखेडराजाच्या रस्त्यावर पहिल्या काही तासांतच लागून जातो. उघड्या मोडीवर हळद, शेण, माती, राख लावू नका. स्वच्छ धुतलेले फडके गुंडाळा, हात-पाय फळीला बांधून हलू देऊ नका आणि लगेच दवाखान्यात न्या. बाहेर आलेले हाड आत ढकलू नका, आणि पडलेला तुकडा फेकूही नका. स्वच्छ फडक्यात घेऊन डॉक्टरांच्या हाती द्या, काय करायचे ते ते ठरवतील. कोणी बांबूच्या कामट्या घट्ट आवळून बांधल्या असतील, तर बोटांकडे पाहा. बोटे निळी किंवा पांढरी पडली, बधिर झाली, बोट सरळ करताना जीव जाईल अशी कळ आली, तर त्याच क्षणी बंध सोडा. रक्त अडले की काही तासांत मांस मरते आणि मेलेल्या मांसावर जगातल्या कुठल्याही शस्त्रवैद्याचे कलम धरत नाही.

दुसरे, ज्याचे हाड मोडले आहे त्याने विडी-सिगारेट आणि तंबाखू सोडावी. तिच्यामुळे बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि हाड सांधायला उशीर लागतो. घरात मधुमेह असेल तर तो ताब्यात ठेवा. आणि गालात तंबाखू धरणाऱ्याच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, कमी उघडणारे तोंड दिसले, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. जबडा नवा करता येतो हे मी आपणांस सांगितले. पण देवाने दिलेला जबडा वाचवणे त्याहून स्वस्त आणि बरे.

तिसरे दानाविषयी. नेत्रदान आपल्या गावांना आता अपरिचित नाही. हाडांचेही दान करता येते. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या २०११ मधल्या दुरुस्तीने ऊतींचाही त्यात समावेश केला आहे. मृत्यूनंतर हाडे काढली तरी त्या जागी आधार घालून देह नीटनेटका करून नातलगांच्या स्वाधीन करतात. आणि खुब्याचा सांधा बदलून घेणाऱ्याला तर जिवंतपणीच दान करता येते; जे डोके एरवी कचऱ्यात जाणार ते कोणाच्या तरी पायाची पोकळी भरील. आपण अस्थी नदीत सोडतो, त्यामागची भावना मी जाणतो. त्यांतले थोडे एखाद्या तरुणाच्या नडगीत राहिले आणि तो पुन्हा आपल्या शेतात उभा राहिला, तर त्या भावनेला बाध येईल असे मला वाटत नाही.

बागेतला जुना माळी कलम बांधून झाल्यावर त्याला रोज उकलून पाहत नाही. बी जिवंत, ओल बेताची, पट्टी घट्ट, एवढे पाहून तो धीर धरतो. हाडाच्या बाबतीतही माणसाने करावयाचे ते इतकेच. रक्त वाहते ठेवावे, पू होऊ देऊ नये, हलू देऊ नये आणि वाट पाहावी. बाकीचे काम करणारे कामकरी आपल्या हाडांतच बसलेले आहेत.